पिशवी काढल्यानंतरचं मन

“पिशवी काढल्यापासून डोकं जाग्यावर नाही.” तालुक्याच्या गावातल्या दवाखान्यात बाकावर थोडा वेळ बसलं, तर या चालीचं एखादं वाक्य कानावर पडतंच. कुणाचा जीव घाबरा होतो, कुणाच्या अंगातून वाफा निघतात, कुणाची झोप गेलेली असते. कुणी सांगतं की कशातच मन लागत नाही, लेकरांवर उगाच ओरडणं होतं. त्याच बाकावरची दुसरी बाई म्हणते, “काढली आणि सुटले बाई. महिन्यातले दहा-दहा दिवस अंगावरून जायचं, हंडा उचलायचं बळ राहिलं नव्हतं.” दोघीही खरंच बोलत असतात. गर्भाशय काढण्याच्या एकाच शस्त्रक्रियेनं दोघींच्या मनाचं इतकं वेगळं का व्हावं, या प्रश्नावर जगात पन्नास वर्षं संशोधन चाललं आहे. ते आज कुठवर आलं आहे आणि आपल्याकडच्या बाईला त्याचा कितपत आधार मिळतो, हे इथे पाहायचं आहे.

हे सगळं वाचताना एक गोष्ट सतत टोचत राहते. धीर देणारा बहुतेक पुरावा चाळिशी-पन्नाशीतल्या, बऱ्यापैकी विचारपूस होऊन शस्त्रक्रिया झालेल्या बायकांकडून आलेला आहे. आपल्याकडे पिशवी निघते ती त्याच्या कितीतरी आधी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६ च्या फेरीत याबद्दल पहिल्यांदा देशभर माहिती गोळा केली. १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे तीन टक्के स्त्रियांचं गर्भाशय काढलेलं होतं, त्यावेळचं त्यांचं मध्यक वय चौतिशीच्या आसपास होतं आणि दोनतृतीयांश शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यांत झाल्या होत्या. आंध्र प्रदेश आणि तेलंगणात तर हे प्रमाण देशाच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक निघालं.

जुना संशय

बाईच्या मनाचा बिघाड तिच्या ओटीपोटात असतो ही समजूत फार जुनी आहे. तिला शस्त्रक्रियेचं रूप मिळालं १८७२ मध्ये. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातले सर्जन रॉबर्ट बॅटी यांनी एका तरुणीचे बीजांडकोश काढले. पाळी कायमची थांबली की तिचे झटके आणि इतर त्रास थांबतील, असा त्यांचा तर्क होता. त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये लॉसन टेट आणि जर्मनीत आल्फ्रेड हेगार तशाच शस्त्रक्रिया करत होते. पुढची वीस-पंचवीस वर्षं हे लोण पसरलं, वेड्यांच्या इस्पितळातल्या बायकांपर्यंतही पोहोचलं. अनेकजणी दगावल्या, अनेकींना काहीच गुण आला नाही आणि विसावं शतक उजाडता उजाडता तो प्रकार मागे पडला.

शंभर वर्षांनी संशयाची दिशा उलटली. शस्त्रक्रियेने मन बरं होत नाही, उलट बिघडतं, असं म्हटलं जाऊ लागलं. १९७३ आणि १९७४ मध्ये ब्रिटिश डॉक्टर डी. एच. रिचर्ड्स यांचे दोन लेख ‘लॅन्सेट’मध्ये आले. गर्भाशय काढलेल्या बायकांना पुढे नैराश्यावर औषधं घ्यावी लागण्याचं प्रमाण इतर बायकांपेक्षा जास्त आहे, असं त्यांनी नोंदवलं. थकवा, वाफा, लघवीचे त्रास आणि उदासी यांचा मिळून एक वेगळा लक्षणसमूहच असतो, असंही त्यांनी मांडलं. स्त्रीआरोग्याच्या चळवळीने हे म्हणणं उचलून धरलं, कारण गरज नसताना गर्भाशयं काढली जातात हा राग अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये तेव्हा धुमसतच होता.

आधीचं मन मोजलं तेव्हा

रिचर्ड्स यांच्या मांडणीत एक पोकळ जागा होती. शस्त्रक्रियेआधी या बायकांची मनःस्थिती कशी होती, हे पाहिलेलं नव्हतं. ऑक्सफर्डच्या डेनिस गाथ आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये ती भरून काढली. अतिरक्तस्रावासाठी गर्भाशय काढायचं ठरलेल्या १५६ बायकांना ते आधी भेटले, मग सहा महिन्यांनी आणि पुन्हा दीड वर्षाने. शस्त्रक्रियेआधी यांतल्या ५८ टक्के बायका मानसिक आजाराच्या निकषात बसत होत्या. सहा महिन्यांनी हे प्रमाण २६ टक्क्यांवर आलं आणि दीड वर्षाने २९ टक्के होतं. म्हणजे बायका शस्त्रक्रियेच्या टेबलावर जातानाच खचलेल्या होत्या आणि त्यांतल्या निम्म्या नंतर सावरल्या. नंतर मन कसं राहील, याचा सगळ्यांत भरवशाचा अंदाज आधीच्या मनावरून येत होता.

या निष्कर्षाला पुढच्या संशोधनांनी बळ दिलं. अमेरिकेत मेरिलँड राज्यात नव्वदीच्या दशकात सुमारे तेराशे बायकांची दोन वर्षं पाहणी झाली. बहुतेकींचा रक्तस्राव, दुखणं आणि त्यासोबत उदासीही कमी झाली. तरी त्यातल्या एका गटाला आराम पडला नाही. शस्त्रक्रियेआधीच नैराश्य असलेल्या, कमी उत्पन्नाच्या घरातल्या आणि गर्भाशयासोबत दोन्ही बीजांडकोशही काढलेल्या बायका त्यात जास्त होत्या. या तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आपल्याकडच्या चित्रात त्या पुन्हा भेटतात.

फिनलंडमधल्या प्रयोगाचं महत्त्व वेगळं आहे, कारण तिथे कुणाला कोणता उपचार मिळणार हे चिठ्ठी टाकावी तसं ठरलं होतं. अतिरक्तस्राव असलेल्या २३६ बायकांपैकी निम्म्यांचं गर्भाशय काढलं, निम्म्यांना संप्रेरक सोडणारी तांबीसारखी वस्तू गर्भाशयात बसवली. पाच वर्षांनी दोन्ही गटांचं जगणं, त्यात मनाचं स्वास्थ्यही आलं, जवळपास सारखंच निघालं. तांबी बसवलेल्यांपैकी ४२ टक्क्यांना पाच वर्षांच्या आत शेवटी शस्त्रक्रिया करावीच लागली, हेही खरं. दोन्ही बाजूंना या प्रयोगात आपापला मुद्दा सापडतो. शस्त्रक्रियेला घाबरायचं कारण नाही, असं एक म्हणतात. दुसरे म्हणतात, निम्म्याहून अधिक बायकांची पिशवी वाचली आणि त्यांचं काही बिघडलं नाही.

२०१२-१३ च्या सुमारास अमेरिकेतल्या ‘स्वॉन’ या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष आले. जवळपास दोन हजार बायकांचा दहा वर्षांपर्यंत मागोवा घेतलेला होता. पाळी आपोआप गेलेल्या आणि पिशवी काढलेल्या बायकांत उदासी किंवा चिंतेच्या बाबतीत पुढे लक्षणीय फरक आढळला नाही, बीजांडकोश काढलेले असोत वा ठेवलेले. अनेक स्त्रीरोगतज्ज्ञ आजही बायकांना याच अभ्यासाच्या आधारे धीर देतात. मात्र ‘स्वॉन’मध्ये सामील होताना प्रत्येक बाई ४२ ते ५२ वर्षांची होती आणि तिची पिशवी शाबूत होती. ज्यांची त्याआधीच काढली गेली होती, त्यांना या पाहणीत जागाच नव्हती.

शस्त्रक्रियेनंतर मन का सुधारतं, याचं एक साधं शारीरिक कारणही आहे. वर्षानुवर्षं अंगावरून जाणाऱ्या बाईच्या रक्तात लोह उरत नाही. धाप, धडधड, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी ही पंडुरोगाची लक्षणं चिंतेच्या आजारासारखीच दिसतात. भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आहेत. रक्तस्राव थांबला, रक्त भरलं की मनही उभारी धरतं. हे लोहाच्या गोळ्यांनी आणि रक्तस्रावाच्या औषधांनी किती साधलं असतं, हा प्रश्न मात्र कागदावर क्वचितच येतो.

बीजांडकोश ठेवले की काढले

गावात पिशवी काढणं म्हणजे एकच गोष्ट. वैद्यकात त्या दोन आहेत आणि मनाच्या दृष्टीने त्यांच्यातला फरक मोठा आहे. गर्भाशय काढलं की पाळी थांबते, पण बीजांडकोश जागेवर असतील तर इस्ट्रोजेन तयार होत राहतं. दोन्ही बीजांडकोश काढले तर ते एकदम घसरतं. नैसर्गिक रजोनिवृत्तीत जी उतरण काही वर्षांत होते, ती इथे एक-दोन दिवसांत होते. इस्ट्रोजेनचा संबंध मेंदूतल्या सेरोटोनिनशी, झोपेशी, शरीराच्या तापमानाशी आणि स्मरणाशी आहे. म्हणून तिशीतल्या बाईला अचानक वाफा येऊ लागणं, पहाटे तीनला जाग येणं, शब्द न आठवणं, रडू कोसळणं हे तिच्या मनाचे चोचले नसतात.

या बाजूचा सगळ्यांत वजनदार पुरावा मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकमधून आला. वॉल्टर रोका आणि सहकाऱ्यांनी दोन्ही बीजांडकोश काढलेल्या बायकांच्या अनेक दशकांच्या नोंदी शेजारपाजारच्या त्याच वयाच्या बायकांशी ताडून पाहिल्या. २००७-०८ मध्ये त्यांनी दाखवलं की रजोनिवृत्तीच्या आधी हे झालेल्यांना पुढे नैराश्याची, चिंतेची आणि उतारवयात स्मृतिभ्रंशाचीही जोखीम अधिक असते. जितक्या तरुणपणी काढले तितकी ती वाढते.

बीजांडकोश ठेवले की काम झालं, असं काही वर्षं मानलं जात होतं. पण २०११ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात असं दिसलं की ज्यांचे बीजांडकोश ठेवलेले आहेत, त्यांच्यातही ते वेळेआधी थकण्याची शक्यता जवळपास दुप्पट असते. बहुधा शस्त्रक्रियेत त्यांचा रक्तपुरवठा कमी होत असावा. पाळी आधीच थांबलेली असते, त्यामुळे बाईला कळायला काही खूणच उरत नाही. पुढे मेयोच्याच गटाने बीजांडकोश ठेवलेल्या सुमारे एकवीसशे बायकांच्या नोंदी तपासल्या. तीस वर्षांच्या काळात त्यांच्यात नव्याने नैराश्य होण्याचं प्रमाण साडेसहा टक्क्यांनी अधिक होतं, चिंतेचं जवळपास पाच टक्क्यांनी. १८ ते ३५ वयात शस्त्रक्रिया झालेल्यांत हा फरक सगळ्यांत मोठा, सुमारे बारा टक्क्यांचा होता.

यावरचा आक्षेपही रास्त आहे. तिशीच्या आत पिशवी काढावी लागणारी बाई आधीपासूनच वेगळी असते. तिचं दुखणं जुनं असतं, काहींच्या लहानपणात अत्याचार असतो, काहींना दवाखाना सतत जवळ करावा लागलेला असतो. नोंदवह्यांवरून हे सगळं वजा करता येत नाही. कुणाचीही पिशवी प्रयोगासाठी काढता येत नाही, म्हणून हा गुंता पूर्ण सुटणारही नाही. तरीही वयाचा मुद्दा इतक्या वेगवेगळ्या अभ्यासांत डोकं वर काढतो की तो बाजूला सारणं मला योग्य वाटत नाही.

सगळ्यांचं मन सारखं हलत नाही

संप्रेरकं आणि मन यांच्या संशोधनाला खरी कलाटणी मिळाली ती एका साध्या निरीक्षणातून. पाळीआधी कमालीच्या खचणाऱ्या बायकांच्या रक्तात संप्रेरकांची पातळी इतर बायकांसारखीच असते. मग फरक कुठे? १९९८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या पीटर श्मिट आणि डेव्हिड रुबिनो यांनी औषधाने बायकांचे बीजांडकोश तात्पुरते निजवले. ज्यांना पाळीआधीचा तीव्र त्रास होता त्यांच्यातल्या अनेकींना बरं वाटलं. मग इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन परत दिलं तेव्हा त्यांचा त्रास परतला. ज्यांना मुळात त्रास नव्हता, त्यांच्यावर त्याच मात्रेचा काही परिणाम झाला नाही. दोन वर्षांनी याच संस्थेत बाळंतपणासारखी संप्रेरकांची चढ-उतार कृत्रिमपणे घडवली गेली. पूर्वी बाळंतपणानंतर नैराश्य आलेल्या आठपैकी पाच बायका पुन्हा खचल्या. तसा इतिहास नसलेल्या आठपैकी एकही नाही. सोळा बायकांचा हा अभ्यास लहान होता, पण त्याने प्रश्न विचारण्याची पद्धत बदलली. संप्रेरकं मनाला त्रास देतात का, याऐवजी कुणाच्या मनाला देतात, असं विचारलं जाऊ लागलं.

पाळी जाण्याच्या काळाबद्दल २००६ मध्ये फिलाडेल्फिया आणि बॉस्टनमधल्या दोन अभ्यासांनी सांगितलं की आधी कधी नैराश्य न आलेल्या बायकांनाही त्या संक्रमणात ते येण्याची जोखीम वाढते. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’च्या लेखमालेने मात्र हात राखून बोलायला सांगितलं. रजोनिवृत्ती म्हणजे सगळ्यांसाठी मानसिक संकट, असा समज पुराव्याला धरून नाही. आधी नैराश्य येऊन गेलेल्या, वाफांमुळे झोप मोडणाऱ्या किंवा त्याच काळात घरादाराची मोठी ओढाताण सोसणाऱ्या बायकांना जोखीम असते, इतकंच ठामपणे म्हणता येतं. या लेखमालेवर टीकाही झाली. बायकांचा त्रास आताशा कुठे ऐकला जातोय आणि लगेच तो अतिशयोक्त ठरवला जातोय, असं काही तज्ज्ञांचं म्हणणं होतं.

उपचारांचा वाद याच्याच पोटातला. २००२ च्या जुलैत अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’चा संप्रेरक गोळ्यांचा प्रयोग स्तनकर्करोग आणि हृदयविकाराच्या भीतीने थांबवला गेला आणि जगभर या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून उतरल्या. त्या प्रयोगातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, हा तपशील मागे राहिला. आज बहुतेक वैद्यकीय संघटनांचं मत असं की पंचेचाळिशीआधी दोन्ही बीजांडकोश गेलेल्या बाईला, कर्करोगासारखं काही आडवं येत नसेल तर, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावं. मनासाठीच ते द्यावं का, यावर एकमत नाही. २०१८ मध्ये १७२ बायकांवरच्या प्रयोगात इस्ट्रोजेनची पट्टी लावलेल्यांपैकी १७ टक्क्यांना वर्षभरात नैराश्याची लक्षणं आली, नुसती पट्टी लावलेल्यांपैकी ३२ टक्क्यांना. आकडे आशादायक आहेत. पण या बायका पाळी जाण्याच्या वाटेवरच्या किंवा नुकती पाळी गेलेल्या होत्या. पस्तिशीत पिशवी काढलेल्या बाईबद्दल तो प्रयोग काही सांगत नाही.

फडावरची बाई

इथून पुढे प्रश्न प्रयोगशाळेबाहेर येतो आणि महाराष्ट्रात त्याला बीडचं नाव आहे. २०१९ मध्ये ऊसतोड मजूर बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांवर विधिमंडळात चर्चा झाली. तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचं सरकारने सांगितलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी मागच्या दहा वर्षांत काढलेली आढळली, म्हणजे सहातली एक. देशाची सरासरी तीन टक्के, हे आठवून हा आकडा वाचावा.

कारणांची साखळी सगळ्यांना माहीत आहे, तरी ती सांगायलाच हवी, कारण मनाचा प्रश्न तिच्यातच अडकलेला आहे. लग्न लवकर होतं. विशीच्या पहिल्या निम्म्यात दोन-तीन लेकरं होऊन कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन होतं. दसरा-दिवाळीनंतर सहा महिने नवरा-बायकोचा ‘कोयता’, म्हणजे जोडी, आगाऊ पैशांची उचल घेऊन उसाच्या फडावर जातो. कोपीत संडास नाही, न्हाणी नाही, पाणी नाही. पहाटे तोडणी सुरू होते आणि मोळ्या डोक्यावरून गाडीत भराव्या लागतात. पाळीत किंवा अंगावरून जात असताना एक दिवस बसलं की खाडा पडतो आणि तो जोडीच्या मजुरीतून कापला जातो. ओटीपोटाचं दुखणं, पांढरं जाणं घेऊन बाई डॉक्टरकडे जाते. सोनोग्राफी होते. पिशवीला सूज आहे, खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल, असं सांगितलं जातं. लेकरं झालीत, आता पिशवीचा काय उपयोग, हा युक्तिवाद तिला घरातही ऐकू येतो. शस्त्रक्रियेसाठी ती पुन्हा उचल घेते.

इथे तीन भूमिका आहेत. महिला किसान अधिकार मंच आणि आरोग्य हक्काच्या कार्यकर्त्यांचं म्हणणं असं की ही कामाच्या परिस्थितीने आणि नफ्याने लादलेली शस्त्रक्रिया आहे. तिथे संमतीचा कागद असतो, निवड नसते. स्थानिक डॉक्टरांतले अनेकजण सांगतात की बाई स्वतःच काढून टाका म्हणत येते. ती सहा महिने जिल्ह्याबाहेर असणार, औषधं घेऊन पुन्हा तपासायला येणार नाही, मग तिला तांबी किंवा गोळ्यांवर ठेवायचं कसं? तिसरी बाजू खुद्द बायकांची आणि ती एकसुरी नाही. काहीजणी शस्त्रक्रियेनंतर खरोखर सुटल्या. विटाळ गेला, देवघरात जाता येऊ लागलं, खाडा थांबला. काहींना कंबरदुखी, वाफा आणि न संपणारा थकवा लागला. पूर्वीइतकी मोळी उचलत नाही म्हणून मजुरी घटली, कर्ज राहिलं, नवऱ्याशी अंतर पडलं. थेट सक्ती किती आणि परिस्थितीची सक्ती किती, यावर एकमत नाही. पण निवडीला जागा होती, असं यातली कुठलीही बाजू छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

माझ्या मते या वादाच्या मुळाशी असलेले दोन जुने अभ्यास एकत्र ठेवून वाचायला हवेत. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी करून १९८९ मध्ये दाखवलं की ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता आणि त्याआधी जेमतेम आठ टक्क्यांची अशी तपासणी झाली होती. बाईचं दुखणं खरं आहे आणि ते कुणी पाहिलेलं नाही, हे त्यातून पहिल्यांदा ठामपणे पुढे आलं. त्यानंतर दीड दशकाने विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी उत्तर गोव्यात सुमारे अडीच हजार बायकांची पाहणी केली. पांढरं जाण्याच्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गाशी फारसा लागत नव्हता. उदासी, चिंता, घरातला जाच, पैशाची तंगी यांच्याशी तो घट्ट लागत होता. जे ओझं तोंडाने सांगता येत नाही, ते बाई ओटीपोटाच्या तक्रारीतून सांगत होती.

हे दोन अभ्यास एकमेकांना खोडत नाहीत. काळ वेगळा, वस्ती वेगळी. गडचिरोलीने सांगितलं की बाईचं शरीर तपासा. गोव्याने सांगितलं की तिला विचाराही. फडावरून आलेल्या बाईच्या वाट्याला अनेकदा दोन्ही येत नाही, आणि मनाचं दुखणं घेऊन आलेली बाई पिशवी गमावून परत जाते. शस्त्रक्रियेने ते दुखणं जाणार नसतं, कारण ते पिशवीत नव्हतंच. मग सहा महिन्यांनी ती म्हणते, डोकं जाग्यावर नाही. यातलं किती संप्रेरकांमुळे, किती आधीपासूनचं आणि किती कर्जामुळे, हे सांगायला आधीची एकही नोंद नसते.

संमतीचा प्रश्न सगळ्यांत उघडा पडला होता तो १९९४ मध्ये. शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढायला सुरुवात झाली होती. पाळीची स्वच्छता सांभाळणं अवघड जातं, हे कारण दिलं गेलं. स्त्री संघटनांनी आवाज उठवला आणि ते थांबलं. त्या मुलींच्या मनाचं पुढे काय झालं, याचा हिशेब त्या वादात दोन्ही बाजूंनी फारसा मांडला नाही.

नियम कुठवर आले

राजस्थान, बिहार आणि छत्तीसगडमधल्या अनावश्यक शस्त्रक्रियांबद्दल डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ ला निकाल दिला. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा, असं राज्यांना सांगितलं. त्यांत जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर देखरेख समित्या आहेत. बीडमध्ये २०१९ नंतर खासगी रुग्णालयांनी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, अशी अट आली. हे सगळं आवश्यकच होतं. मात्र या यंत्रणेचं लक्ष एकाच प्रश्नावर आहे: शस्त्रक्रिया गरजेची होती की नव्हती. जिची झाली, योग्य कारणाने का होईना, तिच्या पुढच्या वीस वर्षांबद्दल या चौकटीत फारसं काही नाही.

काय ठरलेलं नाही

तिशीतल्या भारतीय बाईच्या मनावर या शस्त्रक्रियेचा परिणाम काय होतो, हा सगळ्यांत मोठा अनुत्तरित प्रश्न आहे. आपल्याकडचे अभ्यास बहुतेक एकेका रुग्णालयातले, लहान, सहा महिने-वर्षाचे. कुटुंब आरोग्य सर्वेक्षण पिशवी काढली का, केव्हा, कुठे, कशासाठी हे विचारतं. बीजांडकोश ठेवले का, हे विचारत नाही. पंचेचाळिशीपुढच्यांसाठी ‘लासी’ ही वार्धक्याची राष्ट्रीय पाहणी आहे. तिच्यात नैराश्याची मोजणी आहे आणि पिशवी काढलेल्यांची नोंदही. दोन्ही जोडून पाहायला ती उपयोगी आहे. पण तिथे बाई भेटते ती शस्त्रक्रियेनंतर दहा-पंधरा वर्षांनी आणि आधीची तिची मनःस्थिती तिथेही हरवलेलीच असते.

दुसरा प्रश्न वयाचा. भारतीय बाईची पाळी पाश्चात्त्य बाईपेक्षा चार-पाच वर्षं आधी, साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते. मग बीजांडकोश कोणत्या वयापर्यंत ठेवावेत, इस्ट्रोजेन कधीपर्यंत द्यावं, याचे तिकडचे उंबरठे जसेच्या तसे इथे लावायचे का? यावर तज्ज्ञांत अजून खल चालू आहे. उघड्यावर, उन्हातान्हात अंगमेहनत करणाऱ्या बाईला या गोळ्या किती सोसतील, त्यांचा खर्च कोण करेल आणि तपासण्या कुठे होतील, हा खल त्याहूनही मागे आहे.

तिसरा प्रश्न कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेचा. तिने पाळीत मोठा फरक पडत नाही, असं अमेरिकेच्या मोठ्या पाहणीने २००० मध्ये दाखवलं. पण त्याच पाहणीत तिशीआधी ही शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी पाचातली एक चौदा वर्षांत पस्तावली होती, तिशीनंतर केलेल्यांपैकी सतरातली एक. महाराष्ट्रात ही शस्त्रक्रिया सर्रास विशीत होते. तिच्यानंतर लवकरच पिशवीही काढून टाकण्याकडे जो कल दिसतो, त्याच्या मागे शरीर किती आणि ‘आता काय उपयोग’ ही भावना किती, हे कुणी नीट उलगडलेलं नाही.

आणि शेवटचा प्रश्न समुपदेशनाचा. गोव्यातच संगत या संस्थेच्या प्रयोगांनी दाखवलं आहे की थोडं प्रशिक्षण घेतलेल्या साध्या कार्यकर्त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नैराश्यावर परिणामकारक मदत करू शकतात. ती मदत स्त्रीरोगाच्या बाह्यरुग्ण विभागाला जोडून, शस्त्रक्रियेचा निर्णय होण्याआधी दिली तर किती पिशव्या वाचतील आणि किती बायका नंतर कमी खचतील, याची पाहणी करणं अवघड नाही. नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली मराठीत उपलब्ध आहे, आशा सेविका गावात आहे, देखरेख समित्यांचे नमुने छापले जात आहेत. त्या नमुन्यात दोन रकाने वाढवावे लागतील: शस्त्रक्रियेआधी बाईची मनःस्थिती कशी होती, आणि बीजांडकोश ठेवले की काढले. दुसऱ्या रकान्याची एक प्रत बाईच्या हातातल्या कार्डावर हवी. नाहीतर पाच वर्षांनी ती झोप येत नाही म्हणून दुसऱ्या डॉक्टरकडे जाते, तेव्हा तिला झोपेची गोळी द्यायची की इस्ट्रोजेन, हे ठरवायला त्याच्याकडे काहीच नसतं.